सबफॉर्मला मराठीत काय म्हणावं : 'उप' की 'पोट'?

प्रश्न असा आला आहे : एका सार्वजनिक वाचनालयाने देवघेवीचं काम लिब्रऑफिस बेसवर (डेटाबेस सांभाळणाऱ्या प्रोग्रामवर) आणलं. एकाच फॉर्मवर वर सभासद दिसतो आणि खाली त्याने नेलेली पुस्तकं. काउंटरवर बसणाऱ्यांसाठी छोटं माहितीपत्रक मराठीत लिहायचं आहे, पण 'सबफॉर्म'पाशी, म्हणजे फॉर्मच्या आतल्या या खालच्या फॉर्मपाशी, गाडी अडली. कुणी 'उपफॉर्म' सुचवतं, कुणी 'दुय्यम प्रपत्र'. आणि रिलेटेड रेकॉर्ड एकत्र दाखवण्याबद्दलच्या मूळ इंग्रजी वाक्याचं 'संबंधित अभिलेख एकत्रित प्रदर्शित करणे' हे भाषांतर चालेल का?

ते वाक्य आधी बाजूला ठेवू. ते वाचून वाचनालयात प्रदर्शन भरलं आहे असं वाटेल.

सबफॉर्मसाठी माझं मत 'पोटफॉर्म'ला. हसू आलं असेल तर येऊ द्या, पण 'पोटनिवडणूक' म्हणताना कुणी हसत नाही. हिंदीत तिला उपचुनाव म्हणतात, मराठीत 'उपनिवडणूक' कुणाच्या तोंडी नाही. पोटकलम, पोटनियम, पोटहिस्सा, पोटखराबा, पोटभाडेकरू हे सगळे रोजच्या कागदावरचे शब्द आहेत. या 'पोट'चा अर्थ दुहेरी आहे : मोठ्या गोष्टीच्या आत असलेलं आणि तिच्यावाचून उभं न राहणारं. पोटखराबा म्हणजे जमिनीच्या एखाद्या गटातला लागवडीला न येणारा तुकडा. गटाचा क्रमांक काढून घेतला तर 'पोटखराबा' या शब्दाला काही अर्थच उरत नाही.

'उप' चुकीचं नाही. उपविभाग, उपप्रकार, उपनदी आपण म्हणतोच. पण उपसरपंच, उपाध्यक्ष, उपमुख्यमंत्री यांमुळे त्याला 'वेळ पडली तर जागा सांभाळणारा' असा वास लागला आहे. सबफॉर्म मुख्य फॉर्मची जागा कधीच सांभाळत नाही. 'दुय्यम'ची गत आणखी वाईट. दुय्यम म्हणजे कमी महत्त्वाचं (दुय्यम निबंधक सोडून द्या), आणि देवघेवीत तर खालच्या ओळीच महत्त्वाच्या : कोणतं पुस्तक, कधी नेलं, परत कधी यायचं. देशी 'पोट'ला परका 'फॉर्म' कसा जोडायचा, अशी शंका येईल. पोटकंत्राटदार जोडला तसा. त्यातलं कंत्राट पोर्तुगीजांकडून आलं आहे.

मग 'फॉर्म'चंच मराठी का करू नये? केलं तर 'अर्ज' होतो. अर्जात विनंती असते. काउंटरवरची बाई पडद्यावर सभासदाचं खातं उघडते तेव्हा ती कुणाकडे काही मागत नसते. 'प्रपत्र' सरकारी परिपत्रकात शोभतं. महसूल खात्याचा 'नमुना' मात्र मला मनापासून आवडतो, आणि या चर्चेचं अर्धं उत्तर त्या खात्याच्या दप्तरातच आहे.

तलाठ्याच्या दप्तरात १ ते २१ असे गाव नमुने असतात. आपण ज्याला सातबारा म्हणतो तो एक नमुना नाहीच, नमुना ७ आणि नमुना १२ एका कागदावर आणलेले आहेत. वर ७, अधिकार अभिलेख पत्रक : गट क्रमांक, भोगवटादाराचं नाव, क्षेत्र, आकार (म्हणजे शेतसारा), इतर हक्क. खाली १२, पिकांची नोंदवही : वर्ष, हंगाम, पीक, त्याखालचं क्षेत्र. वरचा गट एकच, खाली त्याच गटाच्या वर्षागणिक ओळी. दोन्ही जोडणारा धागा गट क्रमांकाचा. मुख्य फॉर्म आणि सबफॉर्म म्हणजे नेमकं हेच, आणि संगणक येण्याच्या कितीतरी आधीपासून ते कागदावर होतं. गाव नमुना आठ-अ घ्या, तिथे मांडणी उलटी होते : वर खातेदार, खाली त्याच्या नावावरचे सगळे गट. माहिती तीच, पण कोण कुणाच्या पोटात हे बदललं. वाचनालयातही एक फॉर्म सभासदाच्या बाजूने आणि दुसरा पुस्तकाच्या बाजूने (वर दाखल क्रमांक, म्हणजे वाचनालयाने त्या पुस्तकाला दिलेला क्रमांक, खाली ते पुस्तक आजवर कुणाकुणाकडे गेलं) असे दोन करता येतात. फाटलेलं पुस्तक परत येतं तेव्हा हा दुसरा फॉर्म फार उपयोगी पडतो.

त्याच सातबाऱ्यावर नावाशेजारी फेरफाराचा क्रमांक असतो. फेरफाराची मूळ नोंद नमुना ६ मध्ये, इथे फक्त आकडा. ती वाचायची तर तो नमुना काढून बघावा लागतो. हा झाला दुवा, पोटफॉर्म नव्हे. माहितीपत्रकात हा फरक ठेवा, नाहीतर नुसता क्रमांक दिसतो त्या जागेलाही लोक पोटफॉर्म म्हणायला लागतील.

'रेकॉर्ड'चा प्रश्नही महसूल खात्याने सोडवलेला आहे. तिथे 'अभिलेख' म्हणजे हक्कांचं सगळं लेखन, आणि त्यात होणारी एकेक भर ती 'नोंद' : फेरफार नोंद, वारस नोंद. डेटाबेसच्या तक्त्यातली एक ओळ म्हणजे नोंद. फील्डला 'रकाना' म्हणा, तो शब्द सगळ्यांना येतो.

आता 'संबंधित'. व्याकरणात काही खोट नाही, पण कार्यालयांनी हा शब्द पार झिजवला आहे. 'संबंधितांवर कारवाई होईल', 'संबंधित लिपिकास भेटावे'. त्यामुळे 'संबंधित नोंदी' वाचल्यावर 'वर उल्लेख केलेल्या नोंदी' असा भास होतो. मराठीत अशा जागी षष्ठी पुरते : 'सभासदाच्या देवघेवीच्या नोंदी'. संबंध त्या 'च्या'नेच सांगितला. आणखी एक गैरसमज इथेच काढून टाकू. 'रिलेशनल डेटाबेस'मधलं रिलेशन म्हणजे दोन तक्त्यांमधलं नातं नव्हे. संगणकशास्त्रज्ञ एडगर कॉडने १९७०च्या लेखात हा शब्द गणितातून घेतला, आणि त्या अर्थाने एकेक तक्ता हाच एकेक 'संबंध' आहे. तेव्हा 'रिलेशनल'वरून 'संबंधित नोंदी' असा धागा जोडायचं कारण नाही.

बेसवाल्यांसाठी एक अडचण सांगून ठेवतो, कारण शब्द ठरवताना ती आड येते. मायक्रोसॉफ्ट अॅक्सेस या बेससारख्याच प्रोग्राममध्ये सबफॉर्म ही डोळ्यांना दिसणारी चौकट असते. तो वेगळा साठवलेला फॉर्म असू शकतो आणि सुटा उघडताही येतो. बेसमध्ये तो दिसतच नाही. पानावर दिसतात ते रकाने आणि तक्ता. कोणता रकाना मुख्य फॉर्मचा आणि कोणता पोटफॉर्मचा हे फॉर्म नेव्हिगेटर (फॉर्मची रचना दाखवणारी खिडकी) उघडल्यावरच कळतं. म्हणून खालच्या तक्त्यालाच पोटफॉर्म म्हणू नका. पानावरचा हा तक्ता पुसून टाकला तरी पोटफॉर्म नेव्हिगेटरमध्ये राहतो, आणि मग 'डिलीट केलं तरी आहेच' असा गोंधळ सुरू होतो.

दोन्ही बाजूंचे रकाने जोडताना अॅक्सेस 'मास्टर' आणि 'चाइल्ड' म्हणतो, बेसने वर्षानुवर्षं 'मास्टर' आणि 'स्लेव्ह' लिहिलं आहे. मालक, गुलाम, अपत्य यांतलं काही मराठीत आणायची गरज नाही. 'मुख्य रकाना' आणि 'पोटातला रकाना' एवढं भागतं. पोटफॉर्ममध्ये नवी ओळ लिहिली की सभासद क्रमांक तिथे आपोआप येऊन बसतो, हाताने टाकावा लागत नाही. 'भाड्यापोटी दिले', 'व्याजापोटी वळते केले' हे हिशेबातलं 'पोटी' इथे कानाला अगदी जवळचं वाटतं : ही ओळ कुणापोटी, तर या सभासदापोटी.

लिहिताना जोडून लिहा, पोटकलमासारखं, मध्ये रेघ नको. बोलताना 'सबफॉर्म' म्हणणाऱ्याला मात्र अडवू नका.

राहिला 'एकत्र'. 'नोंदी एकत्र करा' म्हटलं की कुणीतरी खरोखर दोन तक्ते एक करून ठेवेल. गट एकत्रीकरणात जमिनी एकत्र झाल्या त्याच अर्थाने. तुम्हाला नोंदी आपापल्या तक्त्यातच ठेवून फक्त एका नजरेत आणायच्या आहेत, तेव्हा 'सोबत' किंवा 'खालीच' म्हणा. माहितीपत्रकात मी असं लिहीन : 'सभासदाचं नाव निवडलं की त्याच्याकडे असलेली पुस्तकं खाली पोटफॉर्मच्या तक्त्यात दिसतील. नवीन पुस्तक देताना तिथेच शेवटच्या रिकाम्या ओळीत दाखल क्रमांक टाका.'