अशिलाचा कागद किती ठिकाणी उरतो?

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारे खंडपीठ, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात बसू लागले आणि सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांतील प्रकरणांचे कागद मुंबईऐवजी भाऊसिंगजी रस्त्याकडे येऊ लागले. त्यांतले बरेचसे आता लाल फितीच्या गठ्ठ्यातून येत नाहीत, मोबाईलवर येऊन पडतात. या महिन्यात वकील आणि त्यांच्या कार्यालयांतील मंडळींकडून आलेल्या पत्रांत हाच विषय वेगवेगळ्या रूपांत होता. त्यांतील निवडक प्रश्नांना येथे उत्तरे देत आहे.

प्रश्न : मी चाळीस वर्षे दिवाणी वकिली करतो. सर्किट बेंच आल्यापासून रत्नागिरी आणि सांगलीचे वकील मित्र अपिलाची संपूर्ण कागदपत्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात. माझे ज्युनिअर म्हणतात की व्हॉट्सअ‍ॅप एन्क्रिप्टेड आहे, काळजी नको. मुलगा म्हणतो की गूगल ड्राइव्ह वापरा. कोणाचे ऐकावे?
— एक ज्येष्ठ वकील, ताराबाई पार्क

उत्तर : आपले ज्युनिअर सांगतात ते खरे आहे, पण ते रस्त्यापुरते. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश पाठवणाऱ्याच्या फोनपासून घेणाऱ्याच्या फोनपर्यंत कुलूपबंद जातो आणि मधल्या कोणालाही तो वाचता येत नाही. मात्र वकिलाच्या कार्यालयातून कागद फुटतो तो सहसा रस्त्यात फुटत नाही, पोहोचल्यानंतर फुटतो. रत्नागिरीहून आलेले एक वाटणीपत्र आपल्या फोनवर उतरले, आपण ते ज्युनिअरला पाठवले, ज्युनिअरने कारकुनाला, कारकुनाने प्रिंट काढण्यासाठी झेरॉक्सवाल्याच्या क्रमांकावर. आता प्रती मोजा : चार फोन, कार्यालयातल्या संगणकावर उघडे राहिलेले व्हॉट्सअ‍ॅप वेब, प्रत्येक फोनचा रात्री आपोआप होणारा बॅकअप आणि झेरॉक्सच्या दुकानातला संगणक. बॅकअपला तशीच कुलपाची सोय २०२१ पासून उपलब्ध आहे, परंतु ती आपण स्वतः सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावी लागते, आणि ती सुरू केलेले वकील मला फारसे भेटलेले नाहीत.

झेरॉक्सच्या दुकानाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण ते स्वतः पाहिलेले आहे. एका पुरसिसची, म्हणजे न्यायालयाला द्यायच्या लेखी निवेदनाची, प्रिंट घ्यायला मी एका दुकानात उभा होतो. दुकानातल्या मुलाने माझी फाईल शोधण्यासाठी डाउनलोडचा फोल्डर उघडला, तर पडद्यावर कोणाचे तरी घटस्फोटाचे अर्ज, आधारकार्डे, बँकेची खातेउतारे आणि एका मृत्युपत्राचा कच्चा मसुदा अशी रांग लागली होती. त्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हते. पुसायचे असते हे त्याला कोणी सांगितलेलेच नव्हते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ नुसार अशिलाने वकिलाला विश्वासाने सांगितलेली गोष्ट त्याच्या संमतीवाचून उघड करता येत नाही, आणि हे बंधन वकिलाच्या कारकुनांवर व नोकरांवरही आहे. झेरॉक्सवाला त्यांत बसत नाही. म्हणून जबाबदारी फिरून आपल्याकडेच येते. एक साधा छपाईयंत्र कार्यालयात घेणे हा माझ्या मते सुरक्षिततेवरचा सर्वांत स्वस्त खर्च आहे.

मुलाचा सल्ला या दृष्टीने अधिक बरा, कारण ड्राइव्हवर फाईल एकाच ठिकाणी राहते आणि कोणी पाहावी हे आपण ठरवू शकतो. पण घाईत ‘लिंक असलेल्या कोणालाही’ हा पर्याय निवडला, तर ती लिंक चावडीवर लावलेल्या नोटिसीसारखी होते. पुढे पाठवलेल्या प्रत्येकाला फाईल दिसते. त्याऐवजी संबंधित वकिलाचा ईमेल पत्ता घालून केवळ त्यालाच पाहण्याची परवानगी द्यावी, डाउनलोड व प्रिंटची सोय गरज नसल्यास बंद ठेवावी आणि निकाल लागल्यावर परवानगी काढून घ्यावी. खात्याला दुहेरी पडताळणी, म्हणजे पासवर्डखेरीज फोनवर येणारा कोड, लावणे अत्यावश्यक आहे, नाहीतर एक पासवर्ड फुटला की सगळे कपाट उघडे. फारच नाजूक प्रकरण असेल, तर फाईल सेव्हन-झिपसारख्या मोफत साधनाने पासवर्ड लावून बंद करावी, मगच ड्राइव्हवर चढवावी आणि पासवर्ड फोनवर बोलून सांगावा. ज्या ईमेलने फाईल गेली त्याच ईमेलमध्ये पासवर्ड लिहिणारे वकील मी पाहिले आहेत. ते कुलूप आणि किल्ली एकाच पिशवीत घालून पाठवण्यासारखे झाले. अशिलाची जन्मतारीख हाही पासवर्ड नव्हे. ती त्याच फाईलमधल्या आधारकार्डावर छापलेली असते, आणि विरुद्ध पक्ष भाऊबंद असेल तर त्याला ती तोंडपाठ असते.

प्रश्न : फौजदारी खटल्यात अशिलाने दुकानातील सीसीटीव्हीचे चित्रण आणि मोबाईलवर काढलेला व्हिडिओ मला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला. तो मी पेन ड्राइव्हवर घेऊन दाखल करणार आहे. हॅश मूल्याचा रकाना भरावा लागतो असे समजले. तो नेमका कसा भरावा?
— एक तरुण वकील, कसबा बावडा

उत्तर : कृपया थांबा आणि अशिलाला मूळ उपकरणासह बोलावून घ्या. हॅश म्हणजे फाईलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला तिच्या अंगठ्याचा ठसा. एसएचए-२५६ पद्धतीने काढलेला ठसा चौसष्ट अक्षर-अंकांचा असतो. फाईलचे नाव बदलले तरी तो बदलत नाही, पण आतला एक स्वल्पविराम जरी हलला तरी संपूर्ण वेगळा येतो. आता व्हॉट्सअ‍ॅप काय करते ते पाहा. फोटो किंवा व्हिडिओ नेहमीच्या मार्गाने पाठवला की ते त्याचा आकार लहान करण्यासाठी तो नव्याने दाबून बांधते. डोळ्यांना चित्र तेच दिसते, परंतु आपल्याकडे आलेली फाईल मूळ फाईल नसते, तिचा ठसा जुळत नाही आणि चित्रण कधी, कोणत्या उपकरणाने झाले ही आतली माहितीही सहसा गळून जाते. उलटतपासात विरुद्ध बाजूचे वकील नेमके इथेच बोट ठेवतील. पाठवणे अगदीच भाग असेल, तर ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवण्यास सांगावे. तेव्हा फाईल आहे तशी येते.

कायदा असा. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याविषयीच्या, जुन्या पुरावा कायद्यातील कलम ६५-ब ची जागा भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ ने घेतली आहे. अशा पुराव्यासोबत ६५-ब चे प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात, म्हणजे आपल्याच राज्यातल्या जालन्याच्या निवडणूक वादात, स्पष्ट केले होते. नव्या कायद्याच्या अनुसूचीत प्रमाणपत्राचा नमुनाच दिला असून त्याचे दोन भाग आहेत : भाग ‘अ’ पक्षकाराने भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. दोन्हींत हॅश मूल्य आणि ते काढण्याची पद्धत लिहावी लागते. नमुन्यात एसएचए-१ आणि एमडी-५ हेही पर्याय आहेत, पण दोन वेगळ्या फाईलींचा एकच ठसा तयार करता येतो हे एसएचए-१ बाबत २०१७ मध्ये आणि एमडी-५ बाबत त्याआधीच दाखवून झालेले आहे; एसएचए-२५६ समोर असताना त्या वाटेला जाण्याचे कारण नाही. ठसा काढण्यासाठी काही विकत घ्यावे लागत नाही, विंडोजमधील सर्टयुटिल ही आज्ञा ते काम करते.

आपल्या प्रकरणात क्रम असा ठेवावा. दुकानदाराच्या डीव्हीआरमधून, म्हणजे कॅमेऱ्याचे चित्रण साठवणाऱ्या यंत्रातून, चित्रण थेट नव्या पेन ड्राइव्हवर घ्यावे, तिथेच ठसा काढून तारीख-वेळेसह लिहून ठेवावा, आणि पाहण्यासाठी, तुकडे करण्यासाठी किंवा ज्युनिअरला देण्यासाठी दुसरी प्रत वापरावी. मूळ प्रत पाकिटात बंद राहू द्यावी. हे सर्व लवकर करावे, कारण डिस्क भरली की डीव्हीआर जुने चित्रण आपोआप पुसून त्यावर नवे लिहितो, तारखांची वाट पाहत नाही.

प्रश्न : पोलिसांनी तपासात वकिलाचाच मोबाईल किंवा लॅपटॉप मागितला तर?
— वरील पत्रलेखकाचाच दुसरा प्रश्न

उत्तर : सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ रोजी याबाबत निर्देश दिले आहेत. असे उपकरण हजर करायचे झाल्यास ते संबंधित न्यायालयापुढेच, न्यायालय पक्षकाराला नोटीस देईल, उपकरण वकील व पक्षकार यांच्या समक्ष उघडले जाईल, वकिलाला आपल्या पसंतीच्या तंत्रज्ञाची मदत घेता येईल आणि इतर अशिलांची गोपनीयता भंगणार नाही याची काळजी घेतली जाईल. शेवटची अट कागदावर उत्तम आहे. पण ज्या फोनमध्ये तीनशे अशिलांचे कागद, घरचे फोटो आणि लग्नपत्रिका एकाच गॅलरीत मिसळलेल्या आहेत, त्यातून एका अशिलाचे वेगळे काढायचे कसे? प्रत्येक प्रकरणाचा वेगळा फोल्डर ठेवण्याचा कंटाळा इथे महागात पडतो.

प्रश्न : पीडित महिलेचे नाव झाकण्यासाठी मी पीडीएफवर काळी पट्टी ओढतो. ते पुरेसे आहे का?
— वकिलांकडील लेखनिक, राजारामपुरी

उत्तर : नाही. पट्टी वर बसते, अक्षरे खाली तशीच राहतात. निवडून दुसरीकडे चिकटवली की वाचता येतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत डोनाल्ड ट्रम्प यांचे माजी प्रचारप्रमुख पॉल मॅनाफोर्ट यांच्या वकिलांनी दाखल केलेल्या कागदातील झाकलेला मजकूर पत्रकारांनी अशाच रीतीने वाचला होता. नाव मूळ वर्ड फाईलमधूनच काढून मग पीडीएफ करावी, किंवा प्रिंटवर झाकून ती पुन्हा स्कॅन करावी. वर्डची फाईल समोरच्या वकिलांना पाठवण्यापूर्वी तिच्यातील ‘ट्रॅक चेंजेस’ आणि टिपाही काढून टाकाव्यात. तडजोडीच्या मसुद्यात आधी लिहून खोडलेली रक्कम समोरच्याला दिसली, तर त्यानंतर तडजोड कशी व्हायची?

प्रश्न : आमचे शाहूपुरीत तीन वकिलांचे छोटे कार्यालय आहे. नव्या डेटा संरक्षण कायद्याची भीती आम्हाला घातली जात आहे. तो आम्हाला लागू आहे का? आणि बॅकअपसाठी महागडी यंत्रणा घ्यावी का?
— एक वाचक वकील

उत्तर : डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण अधिनियम २०२३ चे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत. कायदेशीर हक्क किंवा दावा बजावण्यासाठी आवश्यक असलेल्या माहितीला कलम १७ मोठी सूट देते, म्हणजे विरुद्ध पक्षाची माहिती दाव्यात लिहिण्यासाठी त्याची संमती मागत बसावे लागत नाही. परंतु त्याच कलमाने कलम ८ च्या पोटकलम १ आणि ५ ला सुटीतून वगळले आहे, आणि पोटकलम ५ म्हणजे माहितीची वाजवी सुरक्षा राखण्याचे कर्तव्य. ते न पाळल्यास दंडाची कमाल मर्यादा अडीचशे कोटी रुपये आहे. एवढा दंड तीन वकिलांच्या कार्यालयाला होईल असे मला वाटत नाही, कारण रक्कम ठरवताना चुकीचे गांभीर्य पाहायचे असते. पण ‘आम्ही लहान आहोत’ हा बचावही कायद्यात लिहिलेला नाही.

लंडनमधील टकर्स या फौजदारी वकिली संस्थेचे उदाहरण आपल्या आकाराच्या कार्यालयालाही लागू पडते. ऑगस्ट २०२० मध्ये हल्लेखोरांनी तिच्या सर्व्हरवरील ९,७२,१९१ फाईली कुलूपबंद केल्या आणि न्यायालयीन कागदपत्रांचे साठ संच चोरून बाहेर प्रसिद्ध केले. तेथील माहिती आयुक्तांनी २०२२ मध्ये ९८,००० पौंड दंड केला, आणि दिलेली कारणे अगदी घरगुती होती : दुहेरी पडताळणी नव्हती, सॉफ्टवेअरची दुरुस्ती महिनोन्महिने रखडली होती, जुन्या फाईलींना एन्क्रिप्शन नव्हते. यांतील एकाही गोष्टीला महागडी यंत्रणा लागत नाही.

बॅकअपविषयी शाहूपुरीकरांना मी वेगळे काय सांगावे? २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेने ते शिकवले आहे. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक प्रत कार्यालयाबाहेर हा जुना नियम पुरेसा आहे. त्यात एवढीच भर घालतो की बाहेरची प्रत पूररेषेच्या बाहेर असावी; पलीकडच्या गल्लीतील मित्राकडे ठेवली तर दोघांच्याही डिस्क एकाच पाण्यात भिजतील. बाहेरची हार्ड डिस्क प्रत घेऊन झाल्यावर संगणकापासून काढून ठेवावी, कारण जोडलेली डिस्क खंडणीखोर सॉफ्टवेअर संगणकाबरोबरच बंद करते. आणि तीन महिन्यांतून एकदा त्या प्रतीतून एखादी जुनी कैफियत प्रत्यक्ष उघडून पाहावी.

प्रश्न : उच्च न्यायालयात मराठी कागदपत्रांचे इंग्रजी भाषांतर द्यावे लागते. भाषांतरकार वेळेत मिळत नाहीत. मोफत एआय साधनात खरेदीखत टाकून भाषांतर घेतले तर चालेल का?
— एक वकील, गडहिंग्लज

उत्तर : अडचण खरी आहे आणि ती वाढणार आहे. पण मोफत साधनात खरेदीखत चढवणे म्हणजे अशिलाचा कागद तिसऱ्याच्या सर्व्हरवर नेऊन ठेवणे. अनेक साधनांत तो मजकूर पुढे यंत्राला शिकवण्यासाठी वापरण्याची मुभा अटींमध्ये असते. वापरायचेच असेल, तर तशी मुभा नसलेली सशुल्क सेवा घ्यावी, नावे, आधार व पॅन क्रमांक, गट क्रमांक यांच्या जागी ‘क’, ‘ख’ अशी अक्षरे घालून मगच मजकूर द्यावा आणि अशिलाला तसे सांगून वकीलपत्रासोबतच लेखी संमती घ्यावी. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियांका प्रकरणात चॅटजीपीटीने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निवाडे दाखल केल्याबद्दल वकिलांना पाच हजार डॉलर दंड झाला. भाषांतरातली चूक तितकी ठळक दिसत नाही, म्हणून ती अधिक धोक्याची. ‘फेरफार’ या शब्दाला महसुली नोंदीऐवजी छेडछाडीचा अर्थ लावला गेला, किंवा ‘मुदत खरेदी’तली (ठरल्या मुदतीत पैसे फेडल्यास मिळकत परत मिळण्याची) मुदत गळून ते साधे खरेदीखत झाले, तर आपले अपील आपल्याच भाषांतराने बुडेल. त्यामुळे यंत्राचे भाषांतर मूळ दस्ताशेजारी ठेवून ओळीगणिक वाचावे, आणि ते वाचण्यासाठी ज्युनिअरपेक्षा तलाठी कार्यालयात आयुष्य घालवलेला एखादा निवृत्त कर्मचारी मिळाला, तर त्यालाच बसवावे.