समुद्र नाही, मोठी नदीही नाही. मग तेहरान तिथेच का वसलं?

थोडक्यात उत्तर: डोंगरातल्या पाण्यामुळे. शहराच्या उत्तरेला एल्बुर्झ पर्वतरांगेची भिंतच उभी आहे. त्यातलं तोचाल शिखर 3,900 मीटरहून उंच. तिथलं बर्फ वितळून मुरलेलं पाणी 'कनात' नावाच्या भुयारी कालव्यांनी, केवळ उताराच्या जोरावर, खाली आणलं जायचं. शहरच उतारावर आहे: दक्षिण टोक साधारण 1,100 मीटरवर, तर उत्तरेच्या वस्त्या 1,700 मीटरवर. वलीअस्र रस्त्याच्या कडेने चिनार आणि त्यांच्या मुळाशी वाहणारे उघडे पाट आजही दिसतात. (रात्री जपून चाला, पाय सहज आत जातो!)

मूळचं मोठं शहर शेजारचं रय. 1220च्या सुमारास मंगोलांनी ते उद्ध्वस्त केलं आणि बागांचं गाव असलेलं तेहरान हळूहळू वाढलं. सोळाव्या शतकात शाह तहमास्पने त्याला तटबंदी घातली. बुरूज 114, कुराणातल्या सूरांइतके (म्हणजे अध्यायांइतके). राजधानी झालं ते मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीस, आगा मोहम्मद खान काजारच्या काळात.

हाच डोंगर हिवाळ्यात डोकेदुखी होतो. थंड हवा खाली कोंडते, धूर अडकतो आणि समोरचं तोचालही दिसेनासं होतं.