शॉवरमधला कॅमेरा आणि धरणाकाठचा व्हिला

प्रश्न : नमस्कार दादा, आम्ही दोन जोडप्यांनी, म्हणजे मी, आमचे हे, दीर आणि जाऊबाई, ऑगस्टमध्ये गंगापूर धरणाजवळ एक व्हिला बुक केलाय, ॲडव्हान्सही भरून झालाय. आणि गेल्या शनिवारी ह्यांनी नेमका 'द रेंटल' लावला, त्यात पण दोन भाऊ, दोन जोडपी अन् समुद्राकाठचं भाड्याचं घर! तासभर काहीच होत नाही, दीर तर घोरायला लागले, पण मी तेव्हापासून अंघोळीला गेले की आधी शॉवरकडे बघते. हे म्हणतात हा हॉरर नाहीच, घरगुती भांडणांचा पिक्चर आहे. बरोबर कोण? आणि बुकिंग कॅन्सल करू का?
— एक वाचक, गंगापूर रोड

उत्तर : ताई, बरोबर तुम्ही. पण ह्यांचं पण अगदीच चूक नाही, कारण त्यातली भीती भांडणातूनच येते. (पिक्चर बघायचा राहिलाय त्यांनी इथून थेट पुढच्या पत्रावर जा.)

पहिला तास रिकामा वाटतो पण नाहीये. त्यातल्या मीना मोहम्मदीचं बुकिंग नाकारतात आणि त्याच घराचं दोघा भावांपैकी चार्लीचं लगेच होतं, हे आपल्याकडे आडनाव विचारून फ्लॅट नाकारला गेलेल्या कुणालाही समजावून सांगायला नको. मग रात्री चार्ली आणि मीना, म्हणजे त्याच्या भावाची मैत्रीण, नको तिथे एकत्र येतात, आणि नंतर शॉवरमध्ये कॅमेरा सापडतो. (तुमच्याकडे पण दोन भाऊच आहेत हा योगायोग, मी काही सुचवत नाहीये हां.) आता पोलिसांना बोलवावं तर रेकॉर्डिंगमध्ये आपणच, आणि गप्प बसावं तर बघणारा बाहेर मोकळा. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! मला खरी भीती इथे वाटली, शेवटी मुखवटेवाला येतो तेव्हा नाही, तो भाग तर घाईत उरकलाय असं माझं मत. फक्त तो पुढच्या घरात शांतपणे कॅमेरे बसवतो ना, ते मात्र डोक्यातून जात नाही.

डेव्ह फ्रँको मुळात ॲक्टर, 2020 सालचा हा त्याने डायरेक्ट केलेला पहिलाच पिक्चर, आणि चार्लीची बायको मिशेल झालेली ॲलिसन ब्री ही त्याची खरोखरची बायको. पिक्चर 88 मिनिटांचाच आहे, दिरांना सांगा चहा घेऊन परत बघा.

बुकिंग कॅन्सल करू नका. उजेड असताना पोचा, मग खोलीत अंधार करून मोबाईलचा टॉर्च हळूहळू फिरवा, लेन्स असेल तर बारीक चमकते. बेडकडे किंवा बाथरूमकडे तोंड केलेलं घड्याळ, चार्जर, स्मोक डिटेक्टर नीट बघा. काही सापडलंच तर उपटू नका, फोटो काढा, बाहेर पडा आणि 112 लावा. बाईचं असं चोरून चित्रण करणं हा गुन्हा आहे, आधी भारतीय दंड संहितेचं कलम 354 सी होतं, जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 77, पहिल्याच वेळी एक ते तीन वर्षं कैद. आणि मागच्या खोलीत राहणाऱ्या केअरटेकर मामांवर उगाच संशय घेऊ नका, पिक्चरमध्ये त्या बिचाऱ्याला फुकटच मार बसतो.

प्रश्न : असे सावकाश भीती चढवत नेणारे पिक्चर असतात ना, त्या 'स्लो बर्न'ला मराठीत काय म्हणायचं?
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : धुमसणं. ज्वाळ दिसत नाही, धूर येत राहतो, शब्द अगदी फिट बसतो. पण पोस्टरवर 'धुमसता भयपट' छापलं तर तिकीट कोण काढणार, तुम्हीच सांगा!