पुण्यात हॉटेलसाठी डिझेल जनरेटरऐवजी गॅसवरचं मायक्रोटर्बाइन बसवावं का?

बाणेरला 60 खोल्यांचं हॉटेल, पाइपचा गॅस दारापर्यंत आलेला, लाँड्री बाहेर दिलेली आणि विक्रेत्याने 65 किलोवॅटचं मायक्रोटर्बाइन, म्हणजे वीज करणारं छोटं गॅस टर्बाइन, सुचवलेलं, असं तुम्ही लिहिलंय. भोसरी एमआयडीसीत मी वीस वर्षं जनरेटर आणि बॉयलरच्या देखभालीचं काम करतो. तुमच्या जागी मी असतो तर हे मशीन आत्ता घेतलं नसतं.

मशीन मला स्वतःला फार आवडतं. एकच शाफ्ट, त्यावरच कॉम्प्रेसर, टर्बाइन आणि जनरेटर, आणि मिनिटाला 96,000 पर्यंत फेरे. काही बनावटींत शाफ्ट हवेच्या पातळ थरावर फिरतो, त्यामुळे ऑइल बदलायची भानगडच नाही. डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) खोलीत पायाखालची फरशी थरथरते तशी इथे थरथरत नाही, कानात बारीक शिट्टी तेवढी राहते. मोठी दुरुस्ती साधारण 40,000 तासांनी.

पण गॅसमधल्या ऊर्जेची वीज होते जेमतेम 29 टक्के. चांगलं गॅस इंजिन 35 ते 40 टक्के देतं. म्हणजे मायक्रोटर्बाइनला एका युनिटमागे साधारण 0.36 घनमीटर गॅस लागतो. समजा गॅस घनमीटरला 60 रुपयांना पडला, तर युनिटमागे नुसत्या गॅसचेच 21-22 रुपये झाले. तुमचा खरा दर घालून बघा आणि महावितरणच्या बिलाशी ताडा. त्यात 65 किलोवॅट हा आकडा 15 अंश तापमानाचा आणि समुद्रसपाटीचा. आपलं पुणे 560 मीटर उंचीवर; एप्रिलच्या दुपारी पारा चाळिशीला टेकला की पाचवा हिस्सा तरी कमी धरा, आणि नेमके तेव्हाच तुमचे एसी जोरात चालू असतात. गॅसचा दाब वाढवायला बूस्टर लागला तर त्याची वीजही यातूनच जाणार.

हे मशीन परवडतं ते त्याच्या धुरामुळे. धूर 300 अंशांच्या आसपास असतो आणि त्यातून 110-120 किलोवॅट उष्णता पाण्यात उतरवता येते. तेवढ्यात तासाला जवळजवळ 2,800 लिटर पाणी 25 वरून 60 अंशांवर जातं. आता तुमचा हिशोब करा. खोलीमागे 100 लिटर धरले तरी दिवसाला 6,000 लिटर, म्हणजे दोन-सव्वादोन तासांत काम संपलं. उरलेले बावीस तास काय करणार?

एका ठिकाणी (तिथे गॅस इंजिन होतं) मी हीट रिकव्हरीची, म्हणजे धुरातली उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या यंत्रणेची, तक्रार बघायला गेलो होतो. धूर परस्पर बाहेर सोडणारा बायपास डँपर (झडप) उघड्या स्थितीतच गंजून बसला होता, हँडल हातोडीने ठोकूनही हलेना. टाकी सकाळी नऊलाच गरम व्हायची, म्हणून कोणीतरी तो उघडला आणि पुन्हा बंदच केला नाही. दोन वर्षं अर्धी किंमत चिमणीतून जात होती. ते हँडल अजून डोळ्यासमोर आहे.

लाइट गेल्यावरचं म्हणाल, तर डीजी काढू नका. तो दहा-पंधरा सेकंदांत लोड घेतो. मायक्रोटर्बाइनला थंड असताना सुरू व्हायला काही मिनिटं लागतात, आणि लिफ्टसारखा एकदम येणारा लोड बॅटरीशिवाय त्याला झेपत नाही. लिफ्टमध्ये पाहुणा अडकला की काही मिनिटं फार मोठी असतात.

लाँड्री घरात आणणार असाल किंवा गरम पाण्याचा तलाव करणार असाल, तर माझं उत्तर बदलेल. धुरावर किंवा गरम पाण्यावर चालणारा अ‍ॅब्सॉर्प्शन चिलर (उष्णतेवर थंडावा तयार करणारं यंत्र) लावून एसीचा भार कमी करता येतो. असे चिलर बनवणारी थरमॅक्स पुण्याचीच. पण त्याला दिवसभर भरपूर एसी चालणारं हॉटेल हवं. दवाखाने आणि सांडपाण्याच्या बायोगॅसवर चालणारे प्रकल्प, तिथे हे मशीन शोभतं. मात्र सांडपाण्याच्या गॅसमधले सिलॉक्सेन (सिलिकॉनची संयुगं) आधी गाळून काढावे लागतात, नाहीतर टर्बाइनवर आणि रिक्युपरेटरमध्ये (धुराच्या उष्णतेने आत येणारी हवा तापवणाऱ्या भागात) वाळूसारखा पांढरा थर चढतो.

तूर्त गरम पाण्याच्या लाइनवर एक वॉटर मीटर बसवा. महिनाभर दर तासाचं रीडिंग रात्रपाळीच्या माणसालाही वहीत लिहायला सांगा. ते आकडे आणि गॅसचा दर इथे टाका, मी बसून हिशोब करून देतो.