नॅनो सिल्व्हर फिल्टरने बोअरचं खारं पाणी गोड होतं का? आणि हे नॅनोकण औषधात कसे वापरतात?

नाही, खारेपणा जाणार नाही. नॅनो सिल्व्हरचं काम जंतू मारण्याचं. चांदीचे कण काही नॅनोमीटरइतके (एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) बारीक केले की तेवढ्याच चांदीचा पृष्ठभाग प्रचंड वाढतो. त्यातून सुटणारे चांदीचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, जिवाणूंचं आवरण आणि प्रथिनं निकामी करतात. विरघळलेले क्षार मात्र जिथल्या तिथे राहतात. वाळवा-मिरजेकडच्या क्षारपड पट्ट्यात बोअर असेल तर आरओच बसवा, उगाच दुसरीकडे पैसे घालवू नका.

कृष्णेचं पावसाळी गढूळ पाणीही अशा फिल्टरमध्ये थेट ओतू नका. गाळामुळे चांदी जंतूंपर्यंत नीट पोचत नाही. आधी तुरटी फिरवा, निवळू द्या, गाळून घ्या, मग फिल्टर. २०१९ सारखा पूर आला तर सरळ खळखळून उकळा.

नॅनोकणांचा औषधातला उपयोग मला जास्त मोलाचा वाटतो. एक उदाहरण देतो, त्यातले कण मात्र चांदीचे नाहीत, मेदाचे आहेत. डॉक्सोरुबिसिन हे कर्करोगावरचं जुनं, प्रभावी औषध, पण ते हृदयाला इजा करू शकतं. तेच सुमारे १०० नॅनोमीटरच्या मेदाच्या सूक्ष्म पिशवीत भरून देतात. अमेरिकेत त्याला १९९५ साली मान्यता मिळाली. कर्करोगाच्या गाठीतल्या रक्तवाहिन्यांना मोठ्या फटी असतात, तिथून या पिशव्या झिरपतात. निरोगी हृदयात त्या कमी शिरतात. घरात कुणाची मिरजेला केमो चालू असेल, तर हा मेदाच्या पिशवीतला 'लायपोसोमल' प्रकार त्यांना लागू पडतो का, एवढं डॉक्टरांना जरूर विचारा. महाग आहे आणि प्रत्येक कर्करोगाला चालत नाही.