सलाईनने बरं वाटलं, म्हणून दुखणं खोटं ठरत नाही

‘नुसत्या मीठ-पाण्यानं थांबतं, म्हणजे माझं डोकं खरं दुखतच नव्हतं का?’ हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत माझ्याकडे नेहमी येतो. कुणाला व्हिटॅमिनच्या गोळीने बरं वाटलेलं असतं, कुणाला अंगाऱ्याने. बरं वाटल्याचं समाधान राहतं बाजूला आणि घरची माणसं म्हणू लागतात, ‘बघ, सगळं मनाचंच होतं.’ इथे सांगते ती हकिकत एका काकूंची आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

काकू पन्नाशीच्या. अर्धशिशी तरुणपणापासूनची. डोक्याची एक बाजू ठणकायची, उजेड सहन व्हायचा नाही, मळमळायचं. फारच झालं की गावातल्या दवाखान्यात जाऊन सलाईन लावून घ्यायच्या आणि संध्याकाळपर्यंत मोकळं वाटायचं. त्या डॉक्टरांच्या हाताला गुण आहे, अशी त्यांची पक्की खात्री. मग फार्मसी शिकणाऱ्या पुतण्याने एकदा जेवताना सर्वांसमोर सांगितलं की त्या बाटलीत मीठ आणि पाणी यापलीकडे काही नसतं. यजमान हसले. सून काही बोलली नाही. त्या दिवसापासून काकूंनी ‘डोकं दुखतंय’ म्हणणंच सोडलं. ठणका अंगावर काढत स्वयंपाक करत राहिल्या. माझ्याकडे आल्या तेव्हा त्यांना डोकेदुखीवर उपाय नको होता. ‘ताई, मी ढोंगी आहे का, एवढंच सांगा,’ म्हणाल्या.

नाही. हे मी त्यांना पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं, आणि का ते नीट समजावलं.

१९७८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत लेव्हिन, गॉर्डन आणि फील्ड्स यांनी अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर एक प्रयोग केला. निव्वळ नावापुरतं औषध दिल्यावरही काहींची वेदना कमी झाली. त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर वेदना पुन्हा वाढली. नॅलोक्सोन अफूवर्गातल्या द्रव्यांचा परिणाम रोखतं. म्हणजे आराम पडला तेव्हा शरीर स्वतःचीच अफूसारखी वेदनाशामक द्रव्यं सोडत होतं, असा त्याचा अर्थ लावला गेला. अर्धशिशीवरचा प्रयोग तर काकूंसाठीच केल्यासारखा आहे. २०१४ मध्ये बोस्टनच्या संशोधकांनी ६६ रुग्णांना वेगवेगळ्या झटक्यांच्या वेळी खरी आणि कोरी, म्हणजे औषध नसलेली, गोळी दिली, पण पाकिटावरची नावं मुद्दाम बदलून. खऱ्या औषधाचं नाव असलेल्या कोऱ्या गोळीने साधारण तेवढाच आराम दिला, जेवढा ‘कोरी’ असं लिहिलेल्या खऱ्या गोळीने दिला. आता हे ६६ जण ढोंगी होते असं म्हणायचं का? दुखणं खरं होतं, म्हणूनच ते कमी झालेलं मोजता आलं.

काकूंचे डोळे भरून आले. पण इथे थांबले असते तर त्यांना अर्धंच सांगितल्यासारखं झालं असतं. नावापुरत्या औषधानेही बरं वाटतं, त्याला प्लासिबो म्हणतात. सलाईननंतर जे बरं वाटायचं ते सगळं या प्लासिबोच्या खात्यावर मांडणंही चूक आहे, आणि ही चूक शिकल्या-सवरल्या माणसांकडूनही होते.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. रोज रात्री शून्य ते दहामध्ये दुखण्याचा आकडा, सलाईन लावलं असो वा नसो. दोन महिन्यांची वही समोर ठेवल्यावर दिसलं की दवाखान्याची वाट त्या नेहमी आठ-नऊचा आकडा असतानाच धरत. अर्धशिशीचा झटका औषधाशिवायही चार तासांपासून तीन दिवसांत ओसरतो. शिखरावर असताना काहीही केलं, तरी पुढचा रस्ता बहुधा उताराचाच असतो. फ्रान्सिस गाल्टनने १८८६ मध्ये आईवडिलांच्या आणि मुलांच्या उंचीचा अभ्यास करताना हेच दाखवलं होतं: टोकाच्या मोजणीनंतरची मोजणी सरासरीकडे सरकते. यात मनाचा काही संबंध नाही, ते निव्वळ गणित आहे. हेन्री बीचर या अमेरिकन डॉक्टरांनी १९५५ मध्ये सुमारे ३५ टक्के रुग्णांना प्लासिबोने बरं वाटतं असं लिहिलं आणि तो आकडा आजही सांगितला जातो. त्यात आपोआप बरे होणारेही मिसळले होते.

वहीत आणखी एक गोष्ट होती. काही वेळा सलाईन लावूनही दुसऱ्या दिवशी आकडा सातच होता. काकूंना त्या वेळा आठवतच नव्हत्या. आपल्या समजुतीला धरून असलेलं तेवढं लक्षात राहतं आणि बाकीचं गळून पडतं, हा सर्वांचाच स्वभाव आहे. पुतण्याचाही. त्याला फक्त सलाईनने बरं वाटल्याच्या वेळा दिसत होत्या, म्हणून तो ‘मनाचं’ म्हणून मोकळा झाला.

हे सगळं वजा केल्यावर उरतो तो प्लासिबो. तासभर अंधाऱ्या खोलीत पडून राहणं, हाक मारणारं कुणी नसणं, कंपाउंडरने आपुलकीने विचारणं, आणि आता बरं वाटेल ही खात्री. घरी काकूंना यातलं काहीच मिळत नव्हतं. मला ही बाब सर्वांत महत्त्वाची वाटते. (उलट्यांनी अंगातलं पाणी गेलं असेल तर सलाईन हे खरंच औषध, काकूंना उलट्या होत नसत.)

मात्र ‘बरं वाटणं’ आणि ‘बरं होणं’ यांत अंतर असतं. २०११ मध्ये दम्याच्या रुग्णांवर झालेल्या अभ्यासात खोट्या इनहेलरनेही जवळपास खऱ्याइतकंच बरं वाटलं. पण फुप्फुसांची ताकद मोजली, तेव्हा खऱ्या औषधाने ती सुमारे २० टक्के वाढली होती आणि खोट्याने ७, म्हणजे काहीच न देता जेवढी वाढली तेवढीच. म्हणून मी काकूंना आधी न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. त्यांनी झटका येऊ नये म्हणून रोजची एक गोळी सुरू केली.

ती काकूंनी दुसऱ्या दिवशीच सोडली. शेजारणीने सांगितलं होतं, ‘त्या गोळ्यांनी माणूस सुस्त होतो,’ आणि त्यांना पहिल्याच संध्याकाळी हातपाय गळाल्यासारखे वाटले. भीतीने येणारा त्रासही तितकाच खरा असतो. त्याला नोसिबो म्हणतात. स्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं औषध त्रास होतो म्हणून सोडलेल्या ६० जणांना लंडनमध्ये काही महिने स्टॅटिन आणि काही महिने कोरी गोळी देऊन अभ्यास झाला, तो २०२० मध्ये छापून आला. स्टॅटिनच्या महिन्यांत जो त्रास नोंदला गेला, त्यातला सुमारे ९० टक्के कोऱ्या गोळीच्या महिन्यांतही होता. काकूंनी पुन्हा डॉक्टरांशी बोलून तीच गोळी कमी मात्रेत सुरू केली आणि सुस्तीचा आकडाही वहीत लिहू लागल्या. दोन आठवड्यांत तो उतरला. झटके थांबले नाहीत, कमी झाले.

यजमानांना एकदा सोबत बोलावलं. अक्कलदाढेचा प्रयोग त्यांनी लक्ष देऊन ऐकला आणि सरळ विचारलं, ‘मग डोकं दुखेल त्या दिवशी मी काय करायचं?’ खोलीत अंधार करायचा, फोन बाहेर ठेवायचा, स्वयंपाकाची सोय बघायची आणि डॉक्टरांनी दिलेली वेदनाशामक गोळी झटका चढण्याआधीच द्यायची. त्या गोळ्यांचा हिशेब आता तेच वहीत ठेवतात, कारण साधी वेदनाशामकंसुद्धा महिन्यातून पंधरा किंवा त्याहून जास्त दिवस घेत राहिलं, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं.