उत्तर: लेकीचा कोन चुकतो म्हणता, आधी कंस दाखवा

भाऊ, तुम्ही लिहिलंत की लेक दहावीला आहे, कंपास-पट्टीनं दिलेल्या कोनाएवढा कोन काढते, पण कोनमापक लावला की दोन अंश इकडेतिकडे. ‘वही मात्र एकदम स्वच्छ.’ हे वाचलं आणि माझीच दहावी आठवली बाप्पा.

पायऱ्या पुस्तकात आहेत, त्या सांगत नाही. दोन अंश जातात ते बहुतेक लहान त्रिज्येमुळं. ३ सेंमी त्रिज्येचा कंस घेतला आणि तो कोनाच्या दोन बाजूंना जिथं छेदतो त्या बिंदूंमधलं अंतर कंपासनं उचलताना १ मिमी हुकलं, तर ६० अंशांच्या कोनात दोनेक अंश गेलेच. त्रिज्या ६ सेंमी घ्या, तीच चूक एका अंशावर येते. कंपासचा स्क्रूही पाहा. बाजारातल्या स्वस्त पेटीतला कंपास कागदावर टेकला की पाय पसरतो, आणि पहिला कंस तर दिलेल्या आणि नव्या, दोन्ही कोनांवर एकाच त्रिज्येचा लागतो. वहीखाली पुठ्ठा ठेवा.

आता माझं. आमच्या शाळेत सुबक वहीचं भारी कौतुक. बोर्डाच्या पेपरात रचना बरोबर काढली आणि शेवटी खोडरबरानं सगळे कंस पुसले! उरल्या नुसत्या रेघा. कंपासनं काढल्या की कोनमापकानं, तपासणाऱ्यानं कसं ओळखावं? गुण गेले.

गुणपडताळणीचा अर्ज केला. त्या कार्यालयाचं नाव घेत नाही, पण एसटीनं दोन चकरा झाल्या, दोन्ही वेळा ‘साहेब जेवायला गेले’. शेवटी पत्र आलं: बेरीज बरोबर आहे. अरे, बेरीज कोणी विचारली होती? पडताळणीत बेरीज आणि तपासायचा राहिलेला प्रश्न एवढंच बघतात, उत्तर नव्यानं तपासत नाहीत. हे पैसे भरायच्या आधी खिडकीवरचा माणूस काऊन सांगत नाही? आयटीआयला ड्राफ्ट्समन हवं होतं, दोन गुणांनी हुकलं. वेल्डर झालो.

म्हणून कंस फिके काढा, पण ठेवा. वर्तुळाचं केंद्र न वापरता स्पर्शिका (वर्तुळाला एकाच बिंदूत टेकणारी रेघ) काढायच्या प्रश्नात हाच कोन उचलावा लागतो, तिथं कंसच नसले तर रचना केली म्हणायची कशी? मी काही शिक्षक नाही, आता गुण कसे देतात ते सरांना विचारा. कोनमापकाबद्दल मात्र माझं मत पक्कं आहे: सराव होईपर्यंत पेटीतून काढून ठेवा. दोन त्रिज्या आणि उचललेलं अंतर, अशा त्रिकोणाच्या तीन बाजू जुळल्या की बाबाबा (बाजू-बाजू-बाजू) कसोटीनं कोन जुळतोच, मोजायचं कशाला?

टू-एच पेन्सिल घ्या, टोक बारीक. आणि वहीचा फोटो टाका, कंसांसकट.